डायरवर बोलला तो चर्चिल

वर्गात जालियनवाला बाग शिकवताना चर्चिल गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या जनरल डायरविरुद्ध बोलला हे सांगितलं, की पोरं माझ्याकडे संशयानं बघतात. बोलला खरा. ८ जुलै १९२० रोजी, ब्रिटिश संसदेत. भारतमंत्री माँटेग्यूंच्या भाषणात आरडाओरडा झाला होता. युद्धमंत्री चर्चिल मात्र थंडपणे एकेक तपशील मांडत गेला. मधे गोळीबार झाला तशी माणसं कडेला पळाली, मग गोळ्या कडेला. लोक जमिनीवर पडले, तर बंदुका खाली वळल्या. १६५० फैरी, सरकारी आकड्यानुसार ३७९ मृत.

हाच माणूस वर्षभरापूर्वी बंडखोर टोळ्यांवर विषारी वायू वापरायला हरकत नाही असं लिहीत होता. आयर्लंडमधल्या ‘ब्लॅक अँड टॅन्स’ या दडपशाही करणाऱ्या ब्रिटिश पोलिसांचाही तो पाठीराखा. अमृतसर हा निव्वळ अपवाद, हे त्याचं म्हणणं सोयीचंच होतं.

तरी तो बोलला ते बरंच झालं, असं मी म्हणतो. साम्राज्याचा कट्टर भक्त बोलल्यामुळे डायरवाल्यांना देशद्रोहाची हाकाटी करता येईना. सरकार २३० विरुद्ध १२९ मतांनी तरलं. उमरावांच्या सभागृहानं मात्र त्याच महिन्यात डायरची बाजू घेतली, आणि ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्रानं त्याच्यासाठी २६ हजार पौंड गोळा केले.