पूल पडला त्या पावसाळ्यातला चोणक

मंडळी, परवा कुणीतरी बेतीच्या धक्क्याचा फोटो टाकला आणि माझ्या आठवणींची मानसच उघडली.

५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. १९७० सालचा पूल, म्हणजे जेमतेम सोळा वर्षांचा. नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. तोवर आम्हा पर्वरीवाल्यांना पणजी गाठायला पुन्हा फेरीबोट. मी पणजीत बँकेत होतो. कॅश उघडायची वेळ चुकू नये म्हणून तासभर आधीच धक्क्यावर जायचो. बाबा निवृत्त मराठी शिक्षक, तेही सोबत यायचे. मला पोचवायला म्हणे! पिशवीत गरी असायची.

चोणक म्हणजे रायगडकडचा जिताडा, बंगाल्यांची भेटकी. खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत राहतो. आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. (आमच्या भाषेत, खातं तेच, नाव बदललेलं!) पाऊस दोन दिवस झोडपून थांबला की मांडवी चहासारखी तांबडी होते. खाजन शेताच्या बांधातल्या मानशीची दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. शेतात साठलेलं पाणी नदीत सुटतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी. पूर्वी मानशीवरच्या मासळीचा लिलाव व्हायचा, एवढं ते उत्पन्न. चोणक पाठलाग करत नाही, दबा धरतो. धक्क्याच्या खांबाआड, जिथे पाण्याची ओढ मोडते, तिथे तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. म्हणून गरी मधल्या पाण्यात टाकायची नाही, खांबाला चाटून सोडायची. आमिष जिवंत कोळंबीचं. हे सगळं बाबांना शिकवलं होतं त्यांच्या एका जुन्या मित्राने. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

पण त्या वर्षी दोघांचं बोलणं बंद होतं. राजभाषेचा वाद पेटला होता. बाबा मराठीचे, काका कोकणीचे. वीस वर्षांचा घरोबा, गणपतीला एकमेकांकडे जेवणं, सगळं थांबलं. असं किती घरांत झालं, ते आपल्या ग्रुपवरच्या जुन्या मंडळींना सांगायला नको. आता पूल नाही म्हटल्यावर काकाही त्याच धक्क्यावर. दोघे दोन टोकांना, पाठ करून.

ऑगस्टमधली एक सकाळ. पाऊस नुकताच थांबलेला. बाबांच्या दोराला जबरदस्त हिसका बसला. चोणकाच्या कल्ल्याची कड पात्यासारखी, दोर ताणून ओढला की कापलाच. त्यात तो खांबाभोवती फिरू लागला. मी ऑफिसच्या कपड्यांत नुसता उभा. तेवढ्यात मागून आवाज आला, "वोडूं नाकात मास्तर, दोर सोडात!" काका धावत येऊन पायऱ्यांवर गुडघाभर पाण्यात उतरले. बाबांनी दोर सैल केला. काकांनी झोळीचं जाळं खालून घालून मासा उचलला. माझी फेरी चुकली. साहेबांची बोलणी खाल्ली.

भाषेचा विषय त्यानंतरही दोघांनी कधी काढला नाही. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा संमत झाला. कोकणी राजभाषा, मराठीलाही सरकारी वापरात जागा. त्या रात्री बाबा जेवले नाहीत, हेही खरं.

चोणकाची वाटणी मात्र तिथेच धक्क्यावर झाली. बाबांनी डोकं काकांना दिलं. आमच्या घरी डोक्याच्या आमटीवर बाबांशिवाय कुणाचा हक्क नसायचा.