कुणाच्या शब्दावर नाही

२८ नोव्हेंबर १६६० रोजी लंडनच्या ग्रेशम कॉलेजात ख्रिस्तोफर रेन यांचे व्याख्यान संपले आणि बारा जण मागे थांबले. दर आठवड्याला जमायचे, प्रयोग करायचे, असे त्यांनी ठरवले. रॉयल सोसायटी जन्मली ती त्या दिवशी. विचार मात्र तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यांचा. जुन्या ग्रंथाचा आधार दाखवला की वाद मिटायचा, त्या काळात निसर्गालाच विचारा, आणि तेही मिळून विचारा, असे ते सांगत राहिले. संस्था निघाली तेव्हा त्यांना जाऊन चौतीस वर्षे झाली होती. संस्थेच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा अर्थ, कुणाच्याही शब्दावर विसंबू नका.

हे पाळणे किती कष्टाचे, ते मिरीच्या पाण्याने दाखवले. १६७६ मध्ये डेल्फ्टच्या लेवेनहुक या कापडव्यापाऱ्याचे पत्र आले. मिरी तिखट का, हे शोधायला त्याने मिरे पाण्यात भिजत घातले होते, आणि त्या पाण्यात त्याला अतिसूक्ष्म जीव वळवळताना दिसले! त्याला लॅटिन येत नव्हते, पत्र डच भाषेत. संस्थेने त्याला हसण्यावारी नेले नाही आणि त्याच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवला नाही. त्याने गावातल्या आठ साक्षीदारांचे दाखले पाठवले, तरी संस्थेचे प्रयोगकर्ते रॉबर्ट हूक यांनी स्वतः मिरे भिजवले. सुरुवातीला काहीच दिसेना. मग केसासारख्या बारीक काचनळ्या ओढून त्यांत ते पाणी भरले, भिंग सुधारले. नोव्हेंबर १६७७ मध्ये जमलेल्यांनी एकेक करून डोळा लावला. जीव होते. १६८० मध्ये लेवेनहुक संस्थेचा सदस्य झाला. शिक्षण, भाषा, प्रतिष्ठा यांना बाजूला सारून पुराव्याने माणूस आत घेतला गेला, हे मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते.

अशी पत्रे छापणारे नियतकालिक सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ पासून चालवले. परदेशी पत्रव्यवहारामुळे संशय येऊन १६६७ मध्ये त्यांना टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत राहावे लागले. सुटल्यावर त्यांनी पुन्हा पत्रे लिहायला घेतली. पैशाची ओढाताण कायमचीच. माशांवरच्या एका ग्रंथाच्या छपाईत संस्थेची तिजोरी रिकामी झाली, म्हणून न्यूटन यांचा ‘प्रिन्किपिया’ १६८७ मध्ये एडमंड हॅली यांनी पदरच्या पैशाने छापला.

१८४१ मध्ये मुंबईच्या गोदीतले जहाजबांधणी अभियंते अर्देशीर कर्सेटजी वाडिया संस्थेचे पहिले भारतीय सदस्य झाले. माझगावच्या आपल्या बंगल्यात त्यांनी गॅसचे दिवे लावून दाखवले होते. गणितज्ञ रामानुजन सदस्य झाले ते १९१८ मध्ये.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र संस्था जुन्याच शब्दावर विसंबून राहिली, आणि याची खंत वाटते. भौतिकशास्त्रज्ञ हर्था एर्टन यांचे नाव सदस्यत्वासाठी १९०२ मध्ये सुचवले गेले, तेव्हा त्या विवाहित असल्याने त्यांना निवडता येत नाही, असा कायद्याचा सल्ला मिळाला. चारच वर्षांनी याच संस्थेने त्यांना संशोधनासाठी पदक दिले. पहिल्या स्त्री सदस्य म्हणून कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफन्सन यांची निवड झाली ती १९४५ मध्ये.