रंगाची एक रेघ

नळातून पाणी वाहतं ते सरळ वाहतं की भोवरे घेत? प्रश्न साधा वाटतो. पण एकोणिसाव्या शतकात त्यानं मोठ्या मोठ्या इंजिनिअरांना पेचात टाकलं होतं.

पॅरिसचे डॉक्टर प्वाझय यांनी १८४० च्या सुमारास केसासारख्या बारीक नळ्यांत पाणी सोडून पाहिलं. वेग दुप्पट करायचा तर दाबही दुप्पट लागे. पुढे १८५७ साली दार्सी यांनी पाणीपुरवठ्याच्या मोठ्या नळांवरची मोजमापं प्रसिद्ध केली. तिथं मात्र वेग दुप्पट करायला दाब जवळजवळ चौपट लागत होता. दोघेही चोख मोजणारे. मग खरं कुणाचं?

याचा निकाल मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजातले प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८३ साली लावला. त्यांनी टाकीत काचेची नळी आडवी ठेवली, तिला कर्ण्यासारखं लाकडी तोंड बसवलं, पाणी काही तास निवू दिलं आणि नळीत रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असताना रंगाची रेघ दोरी ताणल्यासारखी सरळ गेली. वेग वाढवत नेला तशी एका ठिकाणी ती एकाएकी फुटली आणि सगळं पाणी रंगून गेलं. विजेच्या ठिणगीच्या उजेडात पाहिलं, तो आत भोवरेच भोवरे! म्हणजे दोघांचंही खरं होतं. पाण्याच्याच चाली दोन.

चाल केव्हा बदलते? वेगाला नळीच्या व्यासानं गुणावं, घनतेनं गुणावं आणि चिकटपणानं भागावं. येणाऱ्या आकड्याला आज ‘रेनल्ड्स अंक’ म्हणतात. तो साधारण २००० च्या खाली असला तर भोवरे विरून जातात. एक इंची नळात सेकंदाला आठ सेंटिमीटर वेग झाला, की ही हद्द आलीच. म्हणजे आपल्या पंपाच्या नळात भोवऱ्यांचंच राज्य. म्हणून नळ थोडा मोठ्या व्यासाचा घेतला, तर तेवढ्याच पाण्याला वेग कमी लागतो आणि पंपावरचा भार बराच हलका होतो.

गंमत अशी, की पाणी अगदी निवांत ठेवून रेनल्ड्स यांनी सरळ रेघ सुमारे १३,००० पर्यंत टिकवली होती. पुढे रस्त्यावर मोटारी वाढल्या आणि त्यांच्या हादऱ्यांमुळे त्याच उपकरणात ती आधीच फुटू लागली. भोवऱ्याला बाहेरचा धक्का लागतो, तो असा. एकदा उठलेले भोवरे कुठल्या अंकापासून पसरतच जातात, हे तर २०११ साली बारकाईनं मोजलं गेलं : सुमारे २०४०.

शिक्षकांनी काचेची नळी आणि थोडी शाई घेऊन हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा.