अग्नी, माती आणि पुनरुत्थान

देवासला मीठा तलावाच्या काठी पवार घराण्याच्या छत्र्या उभ्या आहेत. देह अग्नीला दिलेला. दगड केवळ स्मरणाचा. अठराव्या शतकात पवारांसमवेत माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांना देहाविषयीची हीच दृष्टी वारशाने मिळाली. जीर्ण वस्त्र टाकावे तसा आत्मा देह टाकतो, असे आपण मानत आलो. ख्रिस्ती आशा नेमकी याच ठिकाणी वेगळी वाट धरते. आत्म्याच्या अमरत्वावर तिचे समाधान होत नाही. देहही उठेल, मात्र पालटून उठेल, असे ती सांगते. म्हणूनच मराठीत तिच्यासाठी ‘पुनर्जन्म’ नव्हे, तर ‘पुनरुत्थान’ हा शब्द रूढ झाला.

मग देह जळून गेला तर काय? हा प्रश्न फार जुना आहे. इ. स. १७७ मध्ये गॉल प्रांतातील ल्यों येथे ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेते जाळून त्यांची राख ऱ्होन नदीत टाकण्यात आली. त्यांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये, हा त्यामागील हेतू युसेबियसच्या इतिहासात नमूद आहे. परंतु संत पौलाने करिंथकरांस लिहिताना बीजाचा दृष्टान्त आधीच दिला होता. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप यांत सातत्य असते, सारखेपणा नसतो. तेव्हा राख विखुरल्याने आशा विखुरत नाही, हे त्यातून ओघानेच आले.

मराठी भाषेत हा विषय प्रथम भव्य रूपात आणला तो फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. गोव्यातील राचोल येथे १६१६ साली छापलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त ख्रिस्ताचे मरण आणि पुनरुत्थान ओवीबद्ध झाले. परका सिद्धान्त पुराणाच्या ओळखीच्या वेशात आला.

या सिद्धान्ताची खरी कसोटी मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अंत्यविधीत दिसते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीचे ९ मे १९१९ रोजी मुंबईत निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार देहाला दफनाऐवजी अग्नी देण्यात आला. रोमन कॅथलिक पंथात त्या काळी दहनास मनाई होती. १८८६ साली घातलेली ही बंदी १९६३ मध्ये शिथिल झाली. पुनरुत्थान नाकारण्याच्या हेतूने दहन नसावे, एवढी अट राहिली. टिळक प्रॉटेस्टंट असल्याने ती बंदी त्यांना लागू नव्हती. तरीही पूर्वजांची रीत राखून नवी श्रद्धा टिकते, हे त्यांनी रोमच्या ४४ वर्षे आधी दाखवून दिले.

देहाच्या या आशेला आपल्या धार नगरीतही एक प्रत्यक्ष रूप लाभले. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओ’हारा १८९१ साली हिंदुस्थानात आल्या आणि पुढे धार हेच त्यांचे दीर्घकाळचे कार्यक्षेत्र झाले. त्यांनी स्त्रियांवर उपचार केले आणि कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले. ज्या देहाला घरदारही शिवत नसे, तोही उद्या गौरवाने उठणार, असे मानणाऱ्यास त्याच्या जखमा आज धुणे क्रमप्राप्तच ठरते.

हा सिद्धान्त आपल्याला पटो वा न पटो, त्याची योग्यता स्मशान आणि दफनभूमी यांच्या वादात शोधू नये. जिवंतपणी देहाला किती मान दिला गेला, हे पाहावे. धारच्या त्या रुग्णसेवेने दिलेले उत्तर आपल्या नगरीच्या इतिहासात जमा आहे.