डागाळलेल्या चांदीचा भाव

1892 च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत अर्ध्या डॉलरचं एक नवं नाणं पडू लागलं. कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षं झाली म्हणून शिकागोत जागतिक प्रदर्शन भरणार होतं. त्याच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून हे नाणं दुप्पट किमतीला, म्हणजे एका डॉलरला विकायचं ठरलं. रेमिंग्टन टाइपरायटरवाल्या कंपनीनं पहिल्या नाण्यासाठी 10,000 डॉलर मोजले आणि त्या बदल्यात गावभर जाहिरात करून घेतली. सामान्य माणसाला मात्र अर्धा डॉलर एक डॉलर देऊन का घ्यायचा, हे काही केल्या पटेना. नाणी लाखांनी पडून राहिली. बरीचशी वितळवली गेली, उरलेली दर्शनी किमतीला बाजारात सोडली गेली. त्यामुळे अमेरिकेचं हे पहिलं स्मारक नाणं आज पुष्कळदा झिजलेलंच हाती येतं.

त्यानंतर 1954 पर्यंत निघालेली स्मारक नाणी संग्राहकांच्या भाषेत 'क्लासिक' मानली जातात. चांदीच्या नाण्यांचे प्रकार पन्नास. वर्षं आणि टाकसाळी धरून मोजली तर नाणी 144. अर्ध्या डॉलरचं वजन साडेबारा ग्रॅम, त्यात 90 टक्के चांदी आणि 10 टक्के तांबं.

कोलंबसाच्या नाण्यासारखं नशीब सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. 1930 च्या दशकातली बहुतेक नाणी कोणाच्या खिशात खुळखुळलीच नाहीत. स्थानिक समित्या संसदेकडून परवानगी मिळवायच्या, टाकसाळीकडून दर्शनी किमतीला नाणी घ्यायच्या आणि टपालानं थेट संग्राहकांना विकायच्या. 1936 मध्ये या धंद्यानं कळस गाठला. त्या वर्षी सिनसिनाटीला संगीताचं केंद्र ठरवून तीन टाकसाळींच्या तीन नाण्यांचा संच काढला गेला. संच जेमतेम पाच हजार, किंमत पावणेआठ डॉलर. बहुतेक माल आतल्या आत वाटला गेला आणि भाव काही दिवसांतच कित्येक पटींनी चढले. असल्या प्रकारांना कंटाळून 1939 मध्ये संसदेनं जुन्या परवानग्यांवर नाणी पाडणं बंद करून टाकलं.

या नाण्यांवर झीज जवळपास नाहीच. मग चांगलं कोणतं आणि सामान्य कोणतं, हे ठरवायचं कशावरून? उत्तर एकच, पृष्ठभागावरून. ठसा बसताना धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणं दिव्याखाली धरून हळूच फिरवलं की या रेषांवरून उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गरागरा फिरतो. हा पट्टा सलग फिरला, तर टाकसाळीतली मूळ झळाळी शाबूत आहे. मध्येच तो विझला किंवा सगळीकडून एकसारखा निर्जीव चकाकला, तर कोणीतरी नाण्यावर हात चालवला आहे असं समजायचं.

हात चालवणारे काही कमी नव्हते. काळवंडलेलं म्हणजे घाण, ही समजूत अमेरिकेतही पक्की होती. सोडा, अमोनिया, पुढे आम्लयुक्त द्रावणात क्षणभर बुडवून काढण्याचा 'डिप', असे एकेक उपाय चालत. जुन्या पिढीचे काही संग्राहक तर पोटॅशियम सायनाइड वापरत. 1922 मध्ये लंडनच्या एका हॉटेलात अमेरिकेचे नामवंत संग्राहक जॉन सॅनफर्ड सॉल्टस नाणी साफ करत बसले होते. शेजारी जिंजर एलचा पेला होता. चुकून सायनाइडच तोंडाला लावलं गेलं आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला.

डिप जीव घेत नाही, पण नाण्याचा घेतो. काळेपणासोबत चांदीचाही एक पातळ थर निघून जातो. एकदोनदा ते खपून जातं. पुन्हा पुन्हा केलं की त्या सूक्ष्म रेषा विरतात आणि नाणं पांढरंफटक पण मेलेलं दिसू लागतं. दिवाळीच्या आधी चिंच किंवा रिठ्यानं चांदीची भांडी लखलखीत करणाऱ्या मराठी घराला हे पटायला जड जाईल. निरांजनाला जे शोभतं, त्यानेच नाण्याची किंमत उतरते.

गंमत अशी, की आज ज्या रंगांसाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात, ते रंग आले स्वस्त पुठ्ठ्यातून. टपालानं येणारी नाणी गोल खाचांच्या कार्डात बसवलेली असत आणि वरून पुठ्ठ्याची बारीक पट्टी त्यांना धरून ठेवी. वेट रेमंड यांच्या त्या काळच्या लोकप्रिय अल्बमांतही नाण्याची कड कागदाला टेकलेली असे. कागदातल्या आणि हवेतल्या गंधकानं वर्षानुवर्षं चांदीवर सल्फाइडचा थर चढवला. थर अगदी पातळ असेल तर सोनेरी छटा दिसते, जरा वाढला की किरमिजी, मग निळी. म्हणून अल्बममधल्या नाण्याच्या मधोमध फिकट सोनेरी आणि कडेला निळं वलय दिसतं. कार्डातल्या नाण्यावर पट्टीखालचा भाग वेगळ्या रंगाचा राहतो, जणू पट्टीचा शिक्काच.

अस्सलपणाची पहिली परीक्षा रंगांच्या या क्रमातच आहे. किरमिजी टप्पा गाळून सोनेरीला एकदम गडद निळा भिडला, ओरखड्याच्या तळापर्यंत ताजा रंग उतरलेला दिसला, किंवा झळाळी मेलेल्या जागी इंद्रधनुष्य फुललं, तर संशय घ्यावा. गंधकाच्या वाफा आणि उष्णता देऊन काही दिवसांत रंग चढवणारे 'नाण्यांचे डॉक्टर' या बाजारात मुरलेले आहेत.

त्यांना धंदा मिळाला तो आवडी बदलल्यामुळे आणि आकड्यांमुळे. विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी 70 गुणांची पट्टी आखली. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लावली गेली आणि न वापरलेल्या नाण्यांसाठी 60 ते 70 हे अकरा टप्पे ठरले. 1986 मध्ये पीसीजीएस आणि 1987 मध्ये एनजीसी या संस्था नाणी तपासून प्लॅस्टिकच्या बंद पेटीत देऊ लागल्या. न पाहता, नुसत्या आकड्यावर सौदे होऊ लागले. गुंतवणूकदार उतरले, 1989 मध्ये स्मारक नाण्यांचे भाव आभाळाला भिडले आणि लगेच कोसळले. त्यातली अनेक नाणी आजही त्या उंचीला पोचलेली नाहीत. एकाच आकड्याची दोन नाणी शेजारी ठेवली तर एक डोळ्यात भरतं आणि दुसरं नाही, हे मात्र पेटीत बंद होईना. 2007 पासून सीएसी ही संस्था त्या पेट्यांवर, आकड्याच्या मानाने दमदार वाटलेल्या नाण्यांसाठी, हिरवा स्टिकर लावू लागली, ती याच गरजेतून.

नुसत्या चमकेवर जाणाराही फसतो, कारण प्रत्येक नाण्याचा स्वभाव निराळा. 1928 चं हवाईचं नाणं मुळातच सॅटिनसारखं मंद. ते आरशासारखं चमकत असेल तर काहीतरी गडबड आहे. त्यावरच्या कॅप्टन कुकच्या मुखवट्यात गालावर झीज आधी दिसते. 1923 च्या मन्रो नाण्याचा उठाव इतका उथळ, की टाकसाळीतून आलेलं कोरं नाणंही झिजल्यासारखं भासतं. 1922 च्या ग्रँट नाण्यात काहींवर छोटा तारा आहे. तो दुर्मीळ म्हणून साध्या नाण्यांवर नंतर तारा ठोकण्याचे उद्योगही झाले.

जाणता खरेदीदार म्हणूनच आधी पेटीवरचा आकडा झाकतो, नाणं दिव्याखाली फिरवतो, मग भिंगातून गाल, कपाळ आणि मोकळी जागा पाहतो. नाण्यासोबत मूळ कार्ड मिळालं तर त्याच्या पट्टीची जागा नाण्यावरच्या खुणेशी जुळते का, हेही तो तपासतो. ती रिकामी कार्डंही आता स्वतंत्र विकली जातात, त्यामुळे कार्ड एका नाण्याचं आणि रंग दुसऱ्याच कार्डातला, असा जोड गळ्यात पडण्याची शक्यता कायम असते.