वेब भार-चाचणी साधनांचे तुलनात्मक मापन

वेब भार-चाचणी साधनांचे तुलनात्मक मापन म्हणजे संकेतस्थळावर कृत्रिम भार टाकणाऱ्या निरनिराळ्या संगणकीय साधनांची मेमरीचा वापर व कार्यक्षमता या दोन निकषांवर, समान परिस्थितीत केलेली तुलना होय. हजारो वापरकर्ते एकाच वेळी संकेतस्थळावर आल्याचा आभास निर्माण करणे आणि सर्व्हरने प्रत्येक विनंतीला किती वेळात उत्तर दिले याची नोंद ठेवणे, हे या साधनांचे काम आहे. अपाचे जेमीटर, गॅटलिंग, लोकस्ट, केसिक्स, डब्ल्यूआरके आणि व्हेजिटा ही या प्रकारातील प्रचलित मुक्तस्रोत साधने आहेत. त्यांची अंतर्गत रचना परस्परांहून भिन्न असल्यामुळे केवळ आकडे शेजारी शेजारी मांडून केलेली तुलना दिशाभूल करणारी ठरू शकते.

पार्श्वभूमी

ठरावीक क्षणी लाखो लोक एकाच संकेतस्थळाकडे वळणे हा महाराष्ट्रातील नेहमीचा अनुभव आहे. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता राज्य शिक्षण मंडळाचा दहावीचा निकाल ऑनलाइन जाहीर झाला. सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांच्या या निकालाची संकेतस्थळे त्या दुपारी बराच वेळ उघडत नव्हती. गणेशोत्सवासाठी पनवेलमार्गे कोकणात जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण सकाळी ८ वाजता खुले होते, तेव्हाही असाच ओघ येतो. भारतीय रेल्वेची नवी ई-तिकीट प्रणाली २०१४ मध्ये कार्यान्वित झाली, तेव्हा तिची क्षमता मिनिटाला ७,२०० तिकिटे आणि आधीच्या प्रणालीची २,००० तिकिटे असल्याचे सांगण्यात आले होते. असे आकडे भार-चाचणीतून पडताळले जातात. चाचणीचे साधनच चुकीचे मोजत असेल, तर क्षमतेचा अंदाजही चुकतो आणि त्याची झळ विद्यार्थ्याला अथवा प्रवाशाला बसते.

साधनांची रचना

जेमीटर जावा भाषेत लिहिलेले असून ते प्रत्येक आभासी वापरकर्त्यासाठी स्वतंत्र थ्रेड चालवते. गॅटलिंगही जावाच्याच आभासी यंत्रावर चालते; परंतु त्याची रचना असमकालिक असल्याने थोड्या थ्रेडवर अनेक वापरकर्ते सामावतात. लोकस्ट पायथन भाषेतील असून त्याची एक प्रक्रिया साधारणतः प्रोसेसरचा एकच गाभा वापरते. म्हणून अनेक गाभ्यांच्या यंत्रावर अनेक प्रक्रिया चालवाव्या लागतात. केसिक्स गो भाषेत लिहिलेले आहे. मात्र चाचणीची संहिता जावास्क्रिप्टमध्ये असते आणि प्रत्येक आभासी वापरकर्त्याला तिचा स्वतंत्र अर्थवाचक मिळतो. साध्या चाचणीत प्रत्येक वापरकर्त्यामागे १ ते ५ मेगाबाइट मेमरी लागते, असे त्याच्या दस्तऐवजात नमूद आहे. म्हणजे १,००० वापरकर्त्यांना १ ते ५ गिगाबाइट. डब्ल्यूआरके हे सी भाषेतील छोटे साधन असून अत्यल्प मेमरीत मोठा वेग गाठते. परंतु त्यात तयार सोयी कमी आहेत.

समान कामाची अट

तुलनेची पहिली अट म्हणजे सर्व साधनांनी तेच काम केले पाहिजे. एक साधन उत्तराचा संपूर्ण मजकूर मेमरीत ठेवून तपासत असेल आणि दुसरे तो वाचून टाकून देत असेल, तर मेमरीतील फरक हा साधनांचा नसून कामाचा असतो. जोडणी टिकवून ठेवणे, टीएलएस कूटबद्धता, मजकुराचे संक्षेपण, कुकी, पुनर्निर्देशन, उत्तराची पडताळणी आणि निकालाची साठवण या बाबी सर्वत्र सारख्या ठेवाव्या लागतात. जेमीटरची चित्रमय खिडकी केवळ चाचणी रचण्यासाठी असते. प्रत्यक्ष भार आदेशओळीवरून टाकावा, असे त्याच्या निर्मात्यांचेच सांगणे आहे. खिडकी उघडी ठेवून आणि प्रत्येक उत्तर पडद्यावर दाखवून घेतलेले मोजमाप त्या साधनावर अन्याय करते.

‘आभासी वापरकर्ता’ हे एककही सर्वत्र सारखे नसते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, व्यवस्थेत एका वेळी असलेल्या विनंत्यांची सरासरी संख्या म्हणजे विनंत्यांचा वेग गुणिले प्रत्येकीला लागणारा सरासरी वेळ. सेकंदाला ५०० विनंत्या येत असून प्रत्येकीस ०.२ सेकंद लागत असेल, तर एका वेळी १०० विनंत्या चालू असतात. तोच वेळ २ सेकंद झाला, तर १,०००. म्हणून तुलना समान वापरकर्तासंख्येवर न करता समान विनंतीवेगावर आणि समान प्रतिसादकाळावर करणे श्रेयस्कर मानले जाते.

खुला आणि बंद भार

बंद पद्धतीत आभासी वापरकर्ता आधीचे उत्तर मिळाल्यावरच पुढची विनंती पाठवतो. खुल्या पद्धतीत विनंत्या ठरलेल्या वेगाने येत राहतात. सर्व्हर मंदावला तरी त्या थांबत नाहीत. आरक्षण खुले होण्याच्या क्षणी येणारी गर्दी खुल्या पद्धतीच्या जवळची असते, कारण नवा प्रवासी आधीच्या प्रवाशाचे तिकीट निघण्याची वाट पाहत नाही.

बंद पद्धतीतून उद्भवणाऱ्या मापनदोषाकडे गिल टेने यांनी विशेष लक्ष वेधले. एक साधन १०० सेकंद, दर सेकंदाला १० विनंत्या पाठवणार आहे असे मानू. सर्व्हर एरवी ५ मिलिसेकंदांत उत्तर देतो. परंतु मध्येच १० सेकंद पूर्णतः ठप्प होतो. उत्तराची वाट पाहणारे साधन ९०० जलद उत्तरे आणि १० सेकंदांचे एकच उत्तर नोंदवते. त्याची सरासरी सुमारे १६ मिलिसेकंद, तर ९९ वा पर्सेंटाइल ५ मिलिसेकंद दिसतो. ठप्प काळात पाठवायच्या १०० विनंत्याही ठरल्या वेळेपासून मोजल्या, तर सरासरी सुमारे अर्धा सेकंद आणि ९९ वा पर्सेंटाइल ९ सेकंदांच्या आसपास येतो. सर्व्हर तोच, बिघाडही तोच. केवळ मोजण्याच्या पद्धतीमुळे एक अहवाल निर्धोक आणि दुसरा गंभीर ठरतो. डब्ल्यूआरके-२ हे या दोषाच्या निवारणासाठी टेने यांनी केलेले मूळ साधनाचे रूपांतर आहे. व्हेजिटाही ठरावीक वेगाने भार टाकते. केसिक्स आणि गॅटलिंग या साधनांत दोन्ही पद्धती उपलब्ध आहेत.

मेमरीचे मापन

प्रक्रियेने राखून ठेवलेली आभासी मेमरी आणि प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी यांत मोठी तफावत असते. तुलनेसाठी प्रत्यक्ष व्यापलेल्या मेमरीचे कमाल मूल्य घेतात. अनेक प्रक्रियांच्या साधनात सर्व प्रक्रियांची बेरीज आवश्यक असते. मात्र सामायिक पाने दोनदा मोजली जाऊ नयेत. लिनक्सवरील वेळ मोजणारा नेहमीचा आदेश बालप्रक्रियांपैकी सर्वांत मोठ्या प्रक्रियेचाच आकडा देतो, बेरीज देत नाही. म्हणून संपूर्ण साधन एका नियंत्रणगटात चालवून त्या गटाची कमाल मेमरी नोंदवणे अधिक विश्वसनीय ठरते. जोडण्यांसाठी कर्नलने राखलेली मेमरीही त्यात येते.

जावावर चालणारी साधने कार्यप्रणालीकडून घेतलेली मेमरी लगेच परत करत नाहीत. जेमीटरच्या प्रारंभसंहितेत १ गिगाबाइटची मर्यादा आधीच नमूद असते. त्यामुळे मोजलेला आकडा गरज दाखवतो की दिलेली मोकळीक, हे त्यावरून कळत नाही. ही मर्यादा क्रमाने कमी करत जाऊन, ठरलेला वेग टिकवणारी सर्वांत लहान मर्यादा शोधणे हा त्यावरील उपाय आहे. जावाची साधने सुरुवातीला मंद असतात. म्हणून पहिल्या काही मिनिटांचे आकडे वगळावे लागतात.

साधनाची स्वतःची मर्यादा

भार टाकणारे यंत्रच थकले, तर दोष सर्व्हरचा वाटतो. लिनक्समध्ये बाहेरच्या जोडणीसाठी मूळ मांडणीनुसार ३२७६८ ते ६०९९९ हे, म्हणजे २८,२३२ पोर्ट उपलब्ध असतात आणि बंद झालेली जोडणी आपला पोर्ट सुमारे ६० सेकंद अडवून ठेवते. दर विनंतीला नवी जोडणी उघडणारे साधन एका पत्त्यावरून एकाच लक्ष्याकडे सेकंदाला सुमारे ४७० जोडण्यांपलीकडे सातत्याने जाऊ शकत नाही. एका प्रक्रियेला उघडता येणाऱ्या फायलींची नेहमीची १,०२४ ही मर्यादाही अशीच आड येते.

चाचणीचे स्थान

साधन आणि सर्व्हर एकाच यंत्रावर असल्यास दोघेही त्याच प्रोसेसरसाठी झगडतात. म्हणून ती दोन यंत्रांवर ठेवतात. साधनांच्या आपसांतील तुलनेसाठी स्थिर उत्तर देणारा साधा सर्व्हर आणि जवळचे, शांत जाळे योग्य असते. संकेतस्थळाची क्षमता जोखताना मात्र हे जाळे फसवे ठरते. पनवेल येथे जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीचे एनएम-१ हे मोठे विदाकेंद्र सुरू झाले. अशा केंद्राच्या आत दोन यंत्रांमधील विलंब मिलिसेकंदाच्याही आत असू शकतो. रत्नागिरीतील मोबाइलधारकाला मिळणारा विलंब त्याच्या कितीतरी पट असतो. मंद जोडण्या अधिक काळ उघड्या राहतात आणि साधन व सर्व्हर या दोघांचीही मेमरी अडवतात.

अहवालाची मांडणी

प्रत्येक साधनाची चाचणी अनेकदा आणि क्रम बदलून घेतात. केवळ सर्वोत्तम आकडा न देता मध्यक आणि विचलन दोन्ही देतात. साधनाची आवृत्ती, मांडणी, यंत्राचा तपशील आणि चाचणीची संपूर्ण संहिता प्रसिद्ध केल्यास इतरांना ती पुन्हा करून पाहता येते. ठरलेला वेग साधनाने प्रत्यक्षात गाठला की नाही, ही नोंद सर्वांत महत्त्वाची असते. तो वेग ज्या साधनाने गाठलाच नाही, त्याच्या कमी मेमरीला तुलनेत अर्थ उरत नाही.