होळकरांची खासगी व आपले मृत्युपत्र

जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी पुण्यश्लोक अहिल्याबाईंचा जन्म झाला. त्यांनी बांधलेली मंदिरे व घाट सर्वांस ठाऊक आहेत. परंतु हा धर्मव्यय ज्या द्रव्यातून झाला, त्याची व्यवस्था केव्हा लावली गेली, इकडे आपल्या ज्ञातिबांधवांचे लक्ष क्वचितच जाते. म्हणून हा अल्प प्रयत्न.

इ. स. १७३४ मध्ये, मल्हारराव होळकर ऐन उमेदीत असता, बाजीराव पेशव्यांनी त्यांच्या विनंतीवरून त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे स्वतंत्र जहागीर लावून दिली. हीच होळकरांची ‘खासगी’. दौलतीचा हिशेब निराळा आणि खासगीचा निराळा. गौतमाबाईंच्या पश्चात ती अहिल्याबाईंकडे आली व तिच्यातूनच त्यांचा दानधर्म चालला.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, १७६६ त मल्हारराव गेले आणि १७६७ त मालेरावही निवर्तले. तेव्हा गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा बेत मांडला व राघोबादादा फौजेनिशी माळव्यात आले. बाईंनी निर्धाराने नकार दिला आणि माधवराव पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. फौजेचा भार त्यांनी तुकोजींवर सोपविला. कारभार व खासगी आपल्या हाती ठेवली.

याच घराण्याचे पुढील चित्र खेदजनक आहे. १७९७ साली तुकोजी वारले आणि काशीराव व मल्हारराव या बंधूंत वारशाचा तंटा पेटला. दौलतराव शिंदे काशीरावांच्या बाजूने मध्ये पडले व त्याच वर्षी पुण्यात मल्हारराव मारले गेले. १८०१ त विठोजींस पुण्यात देहान्त शासन झाले. १८०२ त यशवंतराव पुण्यावर चालून आले, दुसरे बाजीराव वसईस पळाले आणि वर्षअखेर त्यांनी इंग्रजांशी तह केला. घरातील वाद घरात मिटला नाही, की तिऱ्हाईताचा शिरकाव होतो, तो असा.

आपली इस्टेट म्हणजे चार एकर जिराईत, गावातील घर व बँकेतील ठेव. तरीही तंट्याचा कडूपणा तोच. मृत्युपत्र नसता, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पुरुषाची मालमत्ता माता, विधवा, पुत्र व कन्या यांस समान वाट्याने जाते. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ पासून कन्येसही पुत्राप्रमाणे जन्मतः हक्क आहे; म्हणून मृत्युपत्राने देता येतो तो केवळ आपला हिस्सा. मृत्युपत्रावर स्वतःची सही व किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण हितावह आहे. हिंदूचे मृत्युपत्र विवाहाने आपोआप रद्द होत नाही. यास्तव घरात विवाह, जन्म वा मृत्यू घडताच जुना कागद काढून वाचावा. शेअर व म्युच्युअल फंडांस लावलेला नॉमिनी हा मालक नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी दिला. विम्यात मात्र पत्नी, अपत्ये वा मातापिता नॉमिनी असल्यास २०१५ पासून रक्कम सामान्यतः त्यांचीच होते. तेव्हा तेथील नाव तर आवर्जून तपासावे.

मल्हाररावांनी खासगीची तजवीज मृत्युशय्येवर नव्हे, तर बत्तीस वर्षे आधी केली होती. चौंडीस जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबप्रमुखाने दर्शनासोबत हा बोधही घरी आणावा, हीच विनंती.